डोमेन बदलताना क्लायंटचा डीएनएस सफिक्स : एका स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अनेक शाखा असलेल्या एका संस्थेत बरीच वर्षे चाललेले ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या केंद्रीय यंत्रणेतील जुने डोमेन (एकत्र सांभाळला जाणारा खाती आणि संगणकांचा गट) बंद करून नव्या फॉरेस्टमधील (डोमेनांच्या स्वतंत्र रचनेतील) नव्या डोमेनवर जायचे ठरले होते. ओळख उघड होऊ नये म्हणून जुन्या डोमेनला येथे ‘ऑफिस.लोकल’ आणि नव्या डोमेनला ‘एडी.संस्था.नेट’ असे म्हटले आहे. दोन्ही फॉरेस्टमध्ये दुतर्फा फॉरेस्ट ट्रस्ट, म्हणजे एका बाजूची खाती दुसऱ्या बाजूने मान्य करण्याची व्यवस्था, उभारला होता. वापरकर्त्यांची खाती, संगणक आणि सर्व्हर विभागवार तुकड्यांनी हलवायचे होते आणि त्यासाठी स्थलांतराचे नेहमीचे साधन वापरायचे होते. मधल्या काळात काही माणसे इकडे, काही तिकडे आणि त्यांचे फोल्डर तिसरीकडे अशी अवस्था राहणार, हे गृहीतच होते. नावे आणि पत्ते यांची बाजू ज्या गटाकडे होती, त्यात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता.

या संस्थेत सर्व्हरचे पूर्ण नाव कोणीच वापरत नसे. ‘फाइल१’ एवढे छोटे नाव लिहिले की फोल्डर उघडतो, हा सगळ्यांचा अनुभव होता आणि लॉगिन स्क्रिप्ट, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, एक्सेलच्या एकमेकांत गुंतलेल्या फायली, डेटाबेसच्या जोडण्या हे सारे याच सवयीवर उभे होते. विन्स ही जुनी नामसेवा याआधीच काढून टाकलेली असल्यामुळे छोट्या नावाचे पूर्ण नाव करण्याचे काम सर्वस्वी डीएनएस सफिक्सवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस सेवेला विचारताना छोट्या नावामागे जोडल्या जाणाऱ्या डोमेनच्या नावावर, आले होते.

पुढचा घटनाक्रम समजण्यासाठी विंडोज क्लायंटवरील तीन सेटिंगमधला फरक लक्षात ठेवावा लागतो. पहिला प्रायमरी डीएनएस सफिक्स. संगणक डोमेनला जोडला की तो आपोआप त्या डोमेनच्या नावाप्रमाणे बदलतो, कारण डोमेनची सदस्यता बदलल्यावर हा सफिक्सही बदलावा, अशी खूण विंडोजमध्ये मुळातच केलेली असते. दुसरा त्या-त्या नेटवर्क जोडणीपुरता सफिक्स, जो बहुधा संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेच्या ऑप्शन १५ मधून येतो. तिसरी सफिक्सची सर्च लिस्ट, म्हणजे एकापाठोपाठ लावून पाहायच्या सफिक्सची यादी. ही यादी दिलेली नसेल, तर क्लायंट छोट्या नावाला आधी प्रायमरी सफिक्स लावून पाहतो, मग जोडणीचा सफिक्स लावतो आणि सेटिंग तसे असेल तर प्रायमरी सफिक्सच्या वरच्या पातळीकडेही जातो. यादी दिली की मात्र फक्त यादीच चालते. जोडणीचा सफिक्स छोट्या नावांच्या शोधात विचारातच घेतला जात नाही. या एका नियमाने या प्रकरणात दोनदा वळण घेतले.

समस्या कशी समोर आली

पहिली चाचणी-तुकडी मुख्य कार्यालयातील होती आणि ती निर्विघ्न पार पडली. संगणक नव्या डोमेनमध्ये गेले, रीस्टार्ट झाले, लोकांनी लॉगिन केले आणि जुन्या डोमेनमधल्या ‘फाइल१’ वरचा ड्राइव्ह पूर्वीसारखाच उघडला. त्यावरून सफिक्ससाठी वेगळे काही करण्याची गरज नाही, असा निष्कर्ष बैठकीत मांडला गेला.

दुसरी तुकडी एका शाखेतील होती. तेथे त्याच पद्धतीने हलवलेल्या संगणकांवर एकही नेटवर्क ड्राइव्ह जोडला जाईना. घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांचीही तीच तक्रार आली. पूर्ण नाव लिहिले की फोल्डर उघडत होता, नुसते ‘फाइल१’ लिहिले की नाव सापडत नसल्याचा संदेश येत होता.

दोन्ही ठिकाणच्या संगणकांवर नेटवर्कची सेटिंग दाखवणाऱ्या आयपीकॉन्फिग आदेशाचा सविस्तर तपशील शेजारी-शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. प्रायमरी सफिक्स दोन्हीकडे नवा झाला होता. मुख्य कार्यालयातील डीएचसीपी सर्व्हर मात्र ऑप्शन १५ मध्ये अजूनही ‘ऑफिस.लोकल’ देत होता, त्यामुळे नव्या सफिक्सने नाव सापडले नाही की क्लायंट जोडणीचा सफिक्स लावून जुन्या झोनमध्ये (जुन्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत) पोहोचत होता. शाखेत पत्ते वाटण्याचे काम राउटर करत होता आणि त्यावर ऑप्शन १५ भरलेलाच नव्हता. व्हीपीएनच्या जोडणीलाही सफिक्स नव्हता. म्हणजे मुख्य कार्यालयातील यश योजनेचे नव्हते, कोणीतरी कधीकाळी भरून ठेवलेल्या एका डीएचसीपी सेटिंगचे होते.

तुकड्या तात्पुरत्या थांबवण्याचा निर्णय येथे घेण्यात आला आणि तो योग्यच होता. राउटरवर ऑप्शन १५ भरून पुढे जाण्याचा आग्रहही झाला होता. तसे केले असते तर शाखेची त्या दिवसाची अडचण सुटली असती, पण क्लायंटचे वागणे कोणत्या सेटिंगवर अवलंबून आहे हा प्रश्न तसाच राहिला असता.

विचारात घेतलेले पर्याय

डीएचसीपीवरच विसंबण्याचा पर्याय फार काळ टिकला नाही. ऑप्शन १५ मध्ये एकच सफिक्स देता येतो. अनेक सफिक्सची यादी देण्यासाठी ऑप्शन ११९ आहे, परंतु संस्थेतील जुन्या आवृत्त्यांचे विंडोज क्लायंट त्याची दखलच घेत नव्हते. शिवाय व्हीपीएनवर आणि घरच्या राउटरवर संस्थेचे नियंत्रण नव्हते.

प्रत्येक संगणकावर स्क्रिप्टने रजिस्ट्रीत यादी लिहिण्याचा पर्याय अंमलात आणायला सर्वांत सोपा होता, पण लिहिलेली यादी पुढे परत काढणार कशी, यावर कोणाकडेच समाधानकारक उत्तर नव्हते. ही यादी तात्पुरती आहे आणि एक दिवस ती काढायची आहे, ही अट डोळ्यांसमोर ठेवली की हा पर्याय आपोआप मागे पडतो.

डोमेन नवे आणि प्रायमरी सफिक्स मात्र जुनाच, अशी रचना ठेवावी, अशीही एक सूचना होती. विंडोजमध्ये ती शक्य आहे. त्यासाठी डोमेनच्या ऑब्जेक्टवर कोणकोणते सफिक्स चालतील याची नोंद करावी लागते, नाहीतर संगणकाला स्वतःचे डीएनएस नाव आणि त्यावर आधारलेली सर्व्हिसची नावे डिरेक्टरीत लिहिता येत नाहीत. जे नाव मोडीत काढण्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, तेच नाव प्रत्येक संगणकाच्या ओळखीत कायम ठेवणारी ही सूचना नाकारली गेली.

नव्या झोनमध्ये जुन्या सर्व्हरसाठी सीनेम नोंदी करून ठेवण्याचा पर्याय दिसायला आकर्षक होता आणि त्यावर चर्चाही बरीच झाली. क्लायंटवर काहीच न बदलता ‘फाइल१’ नव्या झोनमध्ये सापडेल आणि तेथून जुन्या झोनकडे वळेल, असा त्यामागचा विचार होता. पण ज्या नावाला सीनेम नोंद आहे, त्याच नावाला दुसरी नोंद असू शकत नाही. ‘फाइल१’ सर्व्हर स्वतः नव्या डोमेनमध्ये आला की त्याला तेथे स्वतःच्या पत्त्याची नोंद करायची असणार आणि ती वाट अडलेली असणार. प्रत्येक सर्व्हर हलवण्याच्या नेमक्या क्षणी कोणीतरी आठवणीने सीनेम काढायचा, ही जबाबदारी घेण्याची तयारी कोणाची नव्हती.

विंडोज सर्व्हर २००८ पासून उपलब्ध असलेला ग्लोबलनेम्स हा छोट्या नावांचा खास झोनही विचारात आला. थोड्या, स्थिर आणि सर्वांना ठाऊक असलेल्या नावांसाठी ती सोय उत्तम आहे, असे माझे आजही मत आहे. मात्र त्यातल्या नोंदी हाताने कराव्या लागतात. येथे नावे पुष्कळ होती, ती तुकड्या-तुकड्यांनी जागा बदलणार होती आणि दोन फॉरेस्टमध्ये तो झोन चालवण्यासाठी आणखी वेगळी जुळणी लागली असती.

शेवटी सर्च लिस्ट ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे डोमेनमधून अनेक संगणकांवर एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून, देण्याचे ठरले. ती जुन्या आणि नव्या, दोन्ही डोमेनमध्ये द्यायची होती. जुन्या डोमेनचा भाग सहज सुटून जातो. लक्ष हलवलेल्या संगणकांवर असते, पण सर्व्हर नव्या डोमेनमध्ये गेल्यावर अडचण येते ती न हललेल्या क्लायंटना, कारण त्यांना नव्या सफिक्सची गंधवार्ताही नसते.

क्रम कोणता ठेवावा

पर्याय निवडल्यानंतरचा सर्वांत जड निर्णय यादीतल्या क्रमाचा होता. दोन बाजू मांडल्या गेल्या. सर्व क्लायंटवर एकच क्रम ठेवावा, नवा सफिक्स आधी आणि जुना नंतर, म्हणजे कोणत्याही टेबलावर बसून तपासले तरी उत्तर एकच येईल, ही पहिली बाजू. प्रत्येक क्लायंटवर त्याच्या स्वतःच्या डोमेनचा सफिक्स आधी ठेवावा, ही दुसरी.

निर्णय फिरला तो एका नावामुळे. ‘प्रिंट१’ या नावाचे दोन वेगळे सर्व्हर दोन्ही डोमेनमध्ये होते आणि त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. एकच क्रम ठेवला असता तर पॉलिसी लागू होताच जुन्या डोमेनमधील, अजून काहीही न हललेले लोक अनोळखी प्रिंट सर्व्हरवर जाऊन आदळले असते. छोट्या नावाला पहिले उत्तर मिळाले की क्लायंट पुढचा सफिक्स लावून पाहत नाही. त्यामुळे यादीचा क्रम हा वेगाचा प्रश्न नसून, एकाच नावाच्या दोन दावेदारांपैकी कोण जिंकणार याचा निर्णय असतो. ज्याचे स्थलांतर झालेले नाही त्याच्यासाठी काहीही बदलू नये, हे तत्त्व मान्य झाले आणि ‘आपला सफिक्स आधी’ हा क्रम ठरला.

त्याची किंमतही त्याच बैठकीत नोंदवली गेली. सर्व्हर नव्या डोमेनमध्ये गेल्यावर त्याची जुन्या झोनमधील नोंद उरली, तर जुन्या क्लायंटना तीच नोंद आधी सापडणार होती. पत्ता तोच असेपर्यंत काही बिघडत नाही, पण पत्ता बदलला की चुकीचे उत्तर अगदी खात्रीने मिळत राहते. म्हणून सर्व्हर हलवण्याच्या कामाच्या यादीत जुनी नोंद काढण्याची स्वतंत्र पायरी घातली गेली. संगणकांसाठी मात्र तशी पायरी ठेवली नाही आणि त्याचा परिणाम पुढे दिसला.

प्रत्यक्ष कृती

सर्वांत आधी दोन्ही बाजूंच्या डीएनएस सर्व्हरवर एकमेकांच्या झोनसाठी कंडिशनल फॉरवर्डर (त्या झोनचे प्रश्न ठरावीक सर्व्हरकडे पाठवणाऱ्या नोंदी) घातले गेले. क्लायंटला सफिक्स माहीत आहे, पण त्याच्या डीएनएस सर्व्हरला तो झोन कुठे आहे हे माहीत नाही, अशा स्थितीत यादीचा उपयोग शून्य. येथे तर फॉरवर्डर नसताना जुने डीएनएस सर्व्हर ‘एडी.संस्था.नेट’ बद्दल बाहेरच्या इंटरनेटवर विचारणा करत होते आणि असे नाव अस्तित्वात नाही, असे ठाम उत्तर आणत होते. अंतर्गत सर्व्हरची नावे त्या निमित्ताने बाहेर जात होती, ते वेगळेच.

त्यानंतर पॉलिसी प्रथम जुन्या डोमेनमध्ये लावली. नव्या डोमेनमध्ये ती डोमेनच्या पातळीवर जोडली, विभागांच्या ओयूवर (डोमेनमधील उपगटांवर) नाही. एखादा संगणक ठरलेल्या ओयूऐवजी कॉम्प्युटर्स या मूळच्या कंटेनरमध्ये जाऊन पडला, तर त्याला फक्त डोमेन आणि साइटच्या पातळीवरच्या पॉलिसी लागतात. सुरुवातीच्या गोंधळात असे संगणक असणारच, आणि नाव न सापडण्याची तक्रार नेमकी त्यांचीच येणार, हे ओळखून हा निर्णय घेतला होता.

तपासणी करताना एनएसलुकअप या नावे शोधून पाहण्याच्या आदेशावर विसंबायचे नाही, असेही ठरवले गेले. ते साधन विंडोजच्या क्लायंटमार्फत विचारत नाही, स्वतःच प्रश्न तयार करते. ठिपका असलेल्या नावालाही ते सफिक्स जोडून पाहते, तर विंडोज क्लायंट व्हिस्टापासून अशा नावाला आपण होऊन सफिक्स जोडत नाही. हा फरक जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘फाइल२.शाखा’ अशी अर्धवट नावे सापडली तेव्हा उपयोगी पडला. एनएसलुकअप ती नावे शोधून देत होते आणि स्क्रिप्ट मात्र अडत होती. अशा नावांनाही सफिक्स जोडण्याची परवानगी देणारी पॉलिसी उपलब्ध आहे. ती लावली असती, तर न सापडणाऱ्या प्रत्येक ठिपकेवाल्या नावामागे आणखी दोन निष्फळ प्रश्न गेले असते. स्क्रिप्टमधली नावेच पूर्ण करून घेतली.

डोमेनबाहेरच्या उपकरणांचा प्रश्न लवकर मिटला. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणाऱ्या यंत्रांवर पूर्ण नाव भरले आणि लिनक्स सर्व्हरवर रिझॉल्व्ह.कॉन्फ या सेटिंगच्या फायलीतील सर्च ओळ बदलली. जुन्या लिनक्सवर या ओळीत सहाच डोमेन चालतात. ती मर्यादा जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२६ या २०१७ च्या आवृत्तीत गेली. येथे दोनच सफिक्स असल्याने तिचा जाच झाला नाही.

पुढे काय झाले

शाखेतील आणि व्हीपीएनवरील ड्राइव्हची तक्रार थांबली. लॅपटॉपवर ती काही वेळ रेंगाळली. वायफाय जोडले जाण्याआधीच विंडोज सुरू होत असल्याने पहिल्या रीस्टार्टला पॉलिसी पोहोचत नव्हती आणि नंतर ती मागच्या मागे ताजी होईपर्यंत थांबावे लागत होते. ही फेरी मुळात ९० मिनिटांनी होते आणि त्यात ३० मिनिटांपर्यंतची भर पडू शकते. हलवल्यानंतर पहिला लॉगिन केबल लावूनच करावा, अशी सूचना तुकड्यांच्या पत्रकात घातली गेली.

तीन गोष्टी मात्र अनपेक्षित घडल्या.

एका प्रयोगशाळेचा स्वतःचा छोटा झोन होता आणि तेथील संगणकांना तो सफिक्स ऑप्शन १५ मधूनच मिळत असे. यादी लागू होताच जोडणीचा सफिक्स शोधातून बाद झाला आणि यंत्रांशी बोलणारे सगळे संगणक एकदम आंधळे झाले. त्यांचे डोमेन बदललेले नव्हते, तुकडीत त्यांचे नाव नव्हते, तरीही काम ठप्प झाले. ‘ज्याचे स्थलांतर झालेले नाही त्याच्यासाठी काहीही बदलू नये’ हे तत्त्व येथे पॉलिसीनेच मोडले होते. त्या ओयूसाठी तिसरा सफिक्स असलेली वेगळी यादी देऊन प्रश्न सोडवला.

दुसरी गोष्ट हेल्पडेस्कवर घडली. हेल्पडेस्कचे संगणक अजून जुन्या डोमेनमध्ये होते. एका कर्मचाऱ्याने मदत मागितली, तंत्रज्ञाने त्याच्या संगणकाचे छोटे नाव टाकून रिमोट जोडणीची विनंती पाठवली आणि ती विनंती दुसऱ्याच विभागातील एका बाईंच्या पडद्यावर उमटली. कर्मचाऱ्याचा संगणक नव्या डोमेनमध्ये गेला होता, नव्या झोनमध्ये त्याची नोंदही झाली होती, पण जुन्या झोनमधली नोंद तशीच होती आणि त्या नोंदीतला पत्ता डीएचसीपीने दरम्यान त्या बाईंच्या संगणकाला दिला होता. जुन्या नोंदी आपोआप साफ करणारी स्कॅव्हेंजिंगची सोय मुळात बंद असते आणि येथेही ती बंदच होती. ती चालू केली, तरी मूळच्या सेटिंगप्रमाणे सात अधिक सात दिवस उलटल्याशिवाय नोंद काढण्यास पात्र ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक तुकडीनंतर हलवलेल्या संगणकांच्या नोंदी जुन्या झोनमधून स्क्रिप्टने काढण्याची पायरी जोडली गेली. त्या बाईंनी विनंती नाकारून लगेच फोन केला म्हणून प्रकार तेवढ्यावर थांबला. त्यांच्या पडद्यावर त्या वेळी कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती उघडी होती.

तिसरी अडचण सर्वांत दुर्बोध होती. एका फाइल सर्व्हरवर सुरक्षेसाठी एनटीएलएम ही ओळख पटवण्याची जुनी पद्धत नाकारली जात होती. त्याचे छोटे नाव व्यवस्थित सापडत होते, पत्ता बरोबर येत होता आणि तरीही प्रवेश मिळत नव्हता. त्याच संगणकावर जुन्या डोमेनच्या खात्याने लॉगिन केले की फोल्डर उघडे. कारण असे की डीएनएसने ‘फाइल३’ ला सफिक्स लावून पत्ता शोधला तरी कर्बेरोस या ओळख पटवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे तिकीट वापरकर्त्याने लिहिलेल्या छोट्या नावानेच मागितले जात होते. नव्या फॉरेस्टच्या डोमेन कंट्रोलरला (ही तिकिटे देणाऱ्या सर्व्हरला) त्या नावाची सर्व्हिस ठाऊक नव्हती आणि ट्रस्टपलीकडे विनंती कुठे पाठवायची हे तो नावातील सफिक्सवरून ठरवतो, जो येथे नव्हताच. मग क्लायंट गुपचूप एनटीएलएमकडे वळे आणि सर्व्हर त्याला परत पाठवे. छोट्या नावांसाठी इतर फॉरेस्टही शोधावेत, अशी पॉलिसी लावता येते. गटाने ती न लावता त्या सर्व्हरचे मॅप केलेले ड्राइव्ह पूर्ण नावावर नेले. मला हा निर्णय पटतो, कारण सर्च लिस्ट निघून जाणार होती आणि पूर्ण नावावर नेलेले काम त्यानंतरही टिकणार होते.

जुना सफिक्स काढताना

सर्व्हर हलवून झाल्यावर जुन्या झोनच्या डीएनएस सर्व्हरवर प्रश्नांची नोंद ठेवणे सुरू केले. ‘ऑफिस.लोकल’ मधली नावे अजून कोण विचारते आहे, हे त्यातून कळत होते. यादीत जुना सफिक्स असलेला क्लायंट कोणतेही चुकीचे छोटे नाव तेथे विचारतो, त्यामुळे नोंदीत फोल बरेच होते. ज्या प्रश्नांना खरे उत्तर मिळाले तेवढेच वेगळे काढल्यावर चित्र स्पष्ट झाले.

मग विभागवार पॉलिसीतून जुना सफिक्स काढला, झोन मात्र चालू ठेवला. सफिक्स काढल्याने फक्त छोटी नावे अडतात, पूर्ण नावे चालत राहतात, म्हणून ही दोन पावले वेगळी ठेवल्याने प्रत्येक तक्रारीचे कारण लगेच कळत होते. उरलेल्या तक्रारी बहुतेक लेखा विभागातील एक्सेलच्या जोडण्यांच्या निघाल्या.

वेगळे काय करता आले असते

प्रश्नांची नोंद शेवटी नव्हे, सुरुवातीलाच ठेवायला हवी होती. कोणती छोटी नावे प्रत्यक्ष वापरात आहेत याची यादी हाती असती, तर ‘प्रिंट१’ सारखी दुहेरी नावे क्रमाच्या चर्चेआधीच बदलून टाकता आली असती आणि ती चर्चा बरीच सोपी झाली असती.

चाचणी-तुकडीची निवड सोयीवर झाली होती. मुख्य कार्यालयातील केबलवरचा एक, शाखेतील एक, व्हीपीएनवरचा एक आणि वायफायवरचा एक, असे चार संगणक पहिल्या दिवशी घेतले असते, तर तुकडी थांबवण्याची वेळ आली नसती. त्यांवर खातेही नव्या डोमेनचेच हवे होते. जुन्या खात्याने केलेल्या चाचणीत कर्बेरोसची अडचण दिसूच शकत नाही.

पॉलिसी लावण्याआधी सर्व डीएचसीपी स्कोपमधील ऑप्शन १५ ची मूल्ये काढून पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. प्रयोगशाळेचा वेगळा सफिक्स त्यात पहिल्याच नजरेत दिसला असता.

जुना सफिक्स काढण्याची तारीख आणि त्याची जबाबदारी मूळ आराखड्यात नव्हती, ती नंतर ठरली. सुरुवातीपासून ती लिहिलेली असती, तर मधल्या काळात नव्या स्क्रिप्ट आणि नवे शॉर्टकट छोट्या नावांनी तयार होत राहिले नसते. लेखा विभागातील शेवटपर्यंत अडलेल्या एक्सेल फायलींपैकी काही स्थलांतर सुरू झाल्यानंतर बनवलेल्या होत्या.